रांगेत सर्वांत शेवटी भागधारक

१६ एप्रिल २००९ रोजी शिकागोच्या जनरल ग्रोथ प्रॉपर्टीज या कंपनीने न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात संरक्षणासाठी अर्ज केला. त्या दिवशी देशभरातील दोनशेहून अधिक मॉल तिच्या ताब्यात होते. होनोलुलूचे आला मोआना सेंटर, शिकागोचे वॉटर टॉवर प्लेस, बॉस्टनचे फॅन्युइल हॉल मार्केटप्लेस ही तिचीच मालमत्ता. डोक्यावरचे कर्ज सुमारे २७ अब्ज डॉलर. स्थावर मालमत्तेच्या क्षेत्रात एवढी मोठी दिवाळखोरी अमेरिकेने तोपर्यंत पाहिली नव्हती. २००७ मध्ये साठ डॉलरच्या वर विकला जाणारा तिचा शेअर २००८ च्या अखेरीस एका डॉलरच्याही खाली गेला होता, आणि त्या भावात ज्यांनी तो उचलला त्यांचे पैसे पुढच्या दोन वर्षांत अनेक पटींनी वाढले.

ही कथा आपल्या मंडळींत आवडीने सांगितली जाते. कार्यालयीन इमारतींच्या मालक कंपन्यांचे शेअर कोसळले, त्यांवरचा लाभांश कागदावर दहा-बारा टक्के दिसू लागला, की कुणीतरी हमखास विचारतो : जनरल ग्रोथचे झाले तसे याचेही का होणार नाही? प्रश्न अडाणीपणाचा नाही. पण तो विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पाठीशी वडिलोपार्जित जमीन नाही, वाडा नाही, सासरचा व्यवसाय नाही. एकाच पगारातून इथल्या घराचा हप्ता, मुलांचे कॉलेज, गावाकडील आईवडिलांचे औषधपाणी आणि जमल्यास विहाराच्या बांधकामाला हातभार, असा सगळा संसार चालतो. ही पहिल्या पिढीची बचत आहे. म्हणून या कथेतील भागधारक नेमका कशामुळे वाचला, हे नीट समजून घेतले पाहिजे.

अशा कंपन्यांची रचना १९६० च्या कायद्याने घडविली आहे. रीट म्हणून नोंदलेल्या कंपनीने आपल्या करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के हिस्सा भागधारकांना वाटला, तर वाटलेल्या उत्पन्नावर तिला कंपनीकर भरावा लागत नाही. सवलत मोठी आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. मिळकत वाटून टाकल्यावर मुद्दल फेडायला गाठीशी फारसे उरत नाही. त्यातच व्यापारी इमारतीवरील कर्ज आपल्या गृहकर्जासारखे नसते. तीस वर्षांच्या गृहकर्जात दर हप्त्याबरोबर थोडे मुद्दल फिटत जाते. व्यापारी कर्जाची मुदत बहुधा पाच ते दहा वर्षांची असते, त्या काळात मुख्यतः व्याजच भरले जाते, आणि शेवटच्या दिवशी जवळपास सगळे मुद्दल एकदम द्यावे लागते. ते देण्यासाठी नवे कर्ज काढायचे. गावच्या सोसायटीचे कर्ज मार्चअखेर नवे-जुने करतात, तोच हा प्रकार. फक्त रकमा अब्जांच्या.

एका काल्पनिक इमारतीचा हिशेब करू. सर्व खर्च वजा जाता तिचे वार्षिक भाडे ६० लाख डॉलर आहे. खरेदीदार ५ टक्के परताव्यावर समाधानी असतील, तर तिची किंमत १२ कोटी होते. व्याजदर चढले, त्यांना ७.५ टक्के हवे झाले, की तीच इमारत ८ कोटींची ठरते. एकही भाडेकरू गेला नाही, एकही काच फुटली नाही. तिच्यावर ८ कोटींचे कर्ज असेल, तर पूर्वी ४ कोटी असलेला भागधारकाचा वाटा आता शून्य आहे. किंमत एक तृतीयांशाने घटली, भागधारकाचे मात्र सर्वस्व गेले. उलट दिशेनेही हे गणित असेच धावते, आणि मोह पडतो तो त्या उलट दिशेचा.

आता जनरल ग्रोथकडे वळू. १९५४ मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे बक्सबॉम बंधूंनी एका बाजारसंकुलापासून सुरुवात केली. पुढच्या पिढीने २००४ मध्ये राउस कंपनी सुमारे १२.६ अब्ज डॉलरला, तिच्या कर्जासकट, विकत घेतली. उसन्या पैशांवर वाढ आणि वाढीवर पुन्हा उसने, हा क्रम पैसा स्वस्त होता तोवर शोभून दिसला. २००८ च्या शरद ऋतूत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि तारणकर्जांचे रोखे विकण्याचा बाजारच गोठला. मुदत संपलेली कर्जे नवी-जुनी करायला कुणी तयार होईना. याच वेळी कंपनीतील काही वरिष्ठांनी तिचेच शेअर गहाण ठेवून खासगी कर्जे काढली होती असे उघड झाले. भाव पडताच दलालांनी पैसे मागितले, आणि ती देणी भागविण्यासाठी संस्थापक कुटुंबाशी संबंधित न्यासाने त्यांना कर्ज दिले. वित्तप्रमुख गेले, मुख्याधिकारी पायउतार झाले. स्वतःच्या कंपनीची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसांची ही गत होती, हे उसन्या पैशांवर शेअर घेणाऱ्याने विसरू नये.

एवढे होऊनही मॉलमधील दुकाने चालू होती आणि भाडे येत होते. या प्रकरणाची किल्ली येथे आहे. कंपनीची मालमत्ता कर्जाहून अधिक किमतीची होती. अडचण होती ती तारखांची. न्यायाधीश ॲलन ग्रॉपर यांच्यापुढे काही सावकारांनी आक्षेप घेतला, की ज्या उपकंपन्या स्वतंत्रपणे सुस्थितीत आहेत त्यांना दिवाळखोरीत ओढणे गैर आहे. ऑगस्ट २००९ मध्ये ग्रॉपर यांनी तो फेटाळला. कंपनीला उसंत मिळाली, तारणकर्जांच्या मुदती अनेक वर्षांनी पुढे ढकलल्या गेल्या, आणि त्याच वेळी फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळ आणून ठेवले होते. पर्शिंग स्क्वेअरचे बिल ॲकमन यांनी मातीमोल भावात कंपनीचा सुमारे चतुर्थांश हिस्सा गाठला होता. ते संचालक मंडळावरही बसले. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रतिस्पर्धी सायमन प्रॉपर्टी ग्रुपने दहा अब्ज डॉलरची बोली लावली, ब्रुकफील्ड व इतरांनी वेगळी योजना पुढे केली, आणि दोन श्रीमंतांच्या चढाओढीत जुन्या भागधारकाचे भले झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनी बाहेर पडली तेव्हा धनकोंचे पैसे चुकते झाले होते आणि भागधारकाच्या हाती हॉवर्ड ह्यूज कॉर्पोरेशन या नव्या कंपनीचे शेअरही आले होते.

पण ज्याने २००७ मध्ये साठ डॉलरला खरेदी केली होती, त्याचे काय? २०१८ मध्ये ब्रुकफील्डने उरलेली कंपनी शेअरमागे २३.५० डॉलर देऊन घेतली. हॉवर्ड ह्यूजचा वाटा धरूनही त्याचे मुद्दल पुरते परत आले नव्हते. तेजीत घेऊन श्रद्धेने धरून ठेवणाऱ्याची गोष्ट कुणी मैफलीत सांगत नाही.

दहा वर्षांनी तोच प्रयोग दुसऱ्या कलाकारांनी केला आणि शेवट बदलला. १ नोव्हेंबर २०२० रोजी टेनेसीतील चॅटनूगाची सीबीएल आणि फिलाडेल्फियाची पेनसिल्व्हेनिया रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, अशा दोन मॉल कंपन्या एकाच दिवशी दिवाळखोरीत गेल्या. त्यांचे शेअरही अतिशय स्वस्त झाले होते आणि जनरल ग्रोथचा दाखला तेव्हाही दिला जात होता. फरक एवढाच, की येथे भाडेच आटले होते. सीअर्स २०१८ मध्ये आणि जेसी पेनी २०२० च्या मे महिन्यात दिवाळखोर झाली होती. मॉलच्या टोकांवरची ही मोठी दुकाने बंद पडली, की मधल्या लहान दुकानांची गर्दीही ओसरते. सीबीएलची सूत्रे मुख्यतः धनकोंकडे गेली आणि जुन्या भागधारकांना नव्या कंपनीचा अगदी लहान हिस्सा मिळाला. फिलाडेल्फियाची कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा न्यायालयात गेली. या खेपेस जुने शेअर रद्द झाले.

आजच्या कार्यालयीन इमारतींपुढे या दोन्ही अडचणी एकत्र उभ्या आहेत. घरून काम करण्याच्या सवयीने भाडेकरू जागा कमी करतात, आणि मार्च २०२२ ला शून्यालगत असलेला फेडरल रिझर्व्हचा दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेल्याने स्वस्तातली जुनी कर्जे महागात नवी-जुनी करावी लागतात. एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या व्होर्नाडोने आपला लाभांश वर्षअखेरपर्यंत लांबणीवर टाकला. त्याच वर्षाच्या प्रारंभी ब्रुकफील्डच्या एका उपक्रमाने लॉस एंजेलिसमधील दोन मनोऱ्यांवरचे कर्ज थकविले. जनरल ग्रोथला वाचविणारे हेच ब्रुकफील्ड. तारणापलीकडे मालकाच्या अन्य मालमत्तेला हात न लावणारे कर्ज असेल, तर बुडीत इमारत सोडून देणे मोठ्या मालकाला परवडते. त्या इमारतीच्या आशेवर शेअर घेतलेल्याला ती सोय नाही.

भारतातील रीटच्या अनुभवावरून इथले अनुमान काढू नये. सेबीच्या नियमांनुसार तेथे अशा न्यासाचे कर्ज मालमत्तेच्या किमतीच्या ४९ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. अमेरिकेच्या कायद्यात अशी मर्यादा नाही. येथे ती ज्याची त्याने पाहायची.

शेअर बाजार हा आपला प्रांत नव्हे असे मानणारेही आपल्यात आहेत, आणि ते मला पटत नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद पडली. ज्ञान होते, दार बंद होते. आपल्याला आज प्रत्येक कंपनीचा टेन-के हा वार्षिक अहवाल एडगर या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

तो उघडल्यावर थेट कर्जांच्या मुदतींच्या तक्त्यावर जावे. कोणत्या वर्षी किती मुद्दल देय आहे, ते तेथे वर्षवार दिलेले असते. पहिल्या दोन वर्षांची बेरीज करावी आणि शेजारी कंपनीची रोकड व बँकेकडून अजून न उचललेली पत मांडावी. मग मोठ्या भाडेकरूंचे करार कोणत्या साली संपतात ते पाहावे, आणि दर बदलते असलेले कर्ज किती, तेही. देय रक्कम हाताशी असलेल्या पैशांहून कितीतरी मोठी निघाली आणि त्याच सुमारास मुख्य भाडेकरूचा करारही संपत असेल, तर तो शेअर दोन डॉलरला मिळतो की वीस डॉलरला, याने फारसा फरक पडत नाही.