विजेची पाणपोई : वॉटर कूलरची निगा व देखभाल



आपल्यापैकी पुष्कळांचे एक घर मळ्यात आणि दुसरे नाशकात, असे आता झाले आहे. मुलांच्या शिक्षणापायी कोणी इंदिरानगरात, कोणी राणेनगरला, कोणी पाथर्डी फाट्याला खोली घेऊन राहते. तिकडे अभ्यासिकेत, मंगल कार्यालयात, मंदिराच्या आवारात वॉटर कूलर दिसतो. इकडे गावच्या शाळेत, सोसायटीच्या कचेरीत आणि कारखान्यावर काट्याजवळही तोच उभा असतो. पूर्वी रांजण भरून पाणपोई घालीत, आता विजेची पाणपोई आली. पण रांजण रोज घासायचा असतो हे घरातल्या बाईमाणसाला सांगावे लागत नव्हते. कूलर मात्र एकदा बसविला की नारळ फुटतो, दात्याच्या नावाची पाटी लागते आणि पुढे बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही.

या लेखात आम्ही कूलरची निगा कशी राखावी ते सांगणार आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कूलर पाणी गार करतो, शुद्ध करीत नाही. गारव्याने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. दुसरे असे की, कूलर हे पाणी, लोखंड आणि वीज एकत्र आणणारे यंत्र आहे आणि ओल्या हाताने, अनवाणी पायाने लोक त्याला शिवतात. म्हणून निगेचा प्रश्न नुसत्या गार पाण्याचा नाही, तो आपल्या लेकरांच्या जिवाचा आहे.

कूलर चालतो कसा

कूलर थंडी तयार करीत नाही. पाण्यातली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. आतल्या टाकीभोवती तांब्याची नळी गुंडाळलेली असते. तिच्यातला गॅस पाण्याची उष्णता घेतो. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून कंडेन्सरमध्ये, म्हणजे बारीक पत्र्यांच्या जाळीत पाठवितो आणि पंखा त्या जाळीतून वारा खेचून उष्णता बाहेर फेकतो. गार झालेला गॅस बारीक केशनळीतून परत टाकीकडे येतो. पाणी ठरल्याइतके गार झाले की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो.

एवढे समजले की निम्मे दोष आपले आपल्यालाच कळतात. जाळी धुळीने बुजली तर उष्णता जाईल कुठे? कारखान्याच्या आवारात तर बगॅसचा भुसा आणि चिमणीची काजळी उडून जाळीवर बसतेच. कॉम्प्रेसर तापतो, वीज जास्त खातो आणि पाणी कोमटच राहते. म्हणून कूलर भिंतीपासून निदान वीतभर पुढे, सावलीत आणि वारा खेळेल अशा जागी ठेवावा. जाळी दर महिन्याला मऊ ब्रशने झाडावी. ब्रश पत्र्यांच्या उभ्या रेषेतच फिरवावा, आडवा फिरविल्यास पत्रे वाकतात. अर्थात हे काम पिन काढूनच करायचे.

गार होत नाही, म्हणजे गॅस संपला काय?

पाणी गार होईना की कारागीर येतो, कानोसा घेतो आणि म्हणतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." सभासदांनी इथे सावध असावे. गॅस हा डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो आणि वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला, तर काही आठवड्यांनी तोच खर्च पुन्हा. आधी गळती दाखवा, सांधा जोडा आणि मग गॅस भरा, असे स्पष्ट सांगावे. जुन्या कूलरमध्ये आर-१२ नावाचा गॅस असे. तो आकाशातील ओझोनच्या थराला मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर बंद होत गेला. त्यानंतरच्या कूलरमध्ये बहुधा आर-१३४ए असतो. कोणता गॅस भरायचा ते यंत्राच्या पाटीवर लिहिलेले असते, भलता भरू देऊ नये.

गॅसवर येण्यापूर्वी क्रमाने पाहावे : जाळी बुजली आहे का, पंखा फिरतो का, थर्मोस्टॅट कोणी फिरवून ठेवला आहे का, व्होल्टेज पुरे आहे का आणि पिणारी माणसे यंत्राच्या ताकदीबाहेर आहेत का.

ही ताकद कळायला पाटीवरचे आकडे वाचावेत. ४०/८० लिहिले असेल, तर यंत्र तासाला ४० लिटर पाणी गार करते आणि टाकीत ८० लिटर साठविते. लग्नात २०० माणसे तासाला अर्धा अर्धा लिटर प्यायली, तर १०० लिटर खर्च होतात. टाकीतली शिल्लक तासा-सव्वातासात संपते आणि पुढे कोमट पाणी येते. त्यात यंत्राचा दोष नाही, खरेदीच्या वेळी हिशेब केला नाही एवढेच.

व्होल्टेजचा त्रास खेड्यात जास्त. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर सुरू होण्यासाठी कण्हतो, तापतो आणि शेवटी त्याची वाइंडिंग जळते. म्हणून स्टॅबिलायझर बसवावा आणि तो वीज परत आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून प्रवाह सोडणारा असावा. वीज जाऊन लगेच आली तर नळीतला दाब उतरलेला नसतो आणि त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर उठू शकत नाही.

टाकीतली बुळबुळ

कारखान्यात मिलच्या पन्हाळीत रस साचून राहिला तर तासाभरात बुळबुळ धरते, साखर जंतूंच्या पोटात जाते आणि उतारा घटतो. म्हणून तिथे वरचेवर गरम पाण्याने धुलाई चालते. पाण्याच्या टाकीतही तसेच घडते, फक्त सावकाश. टाकीच्या कडांना, तोटीच्या आतल्या बाजूला एक पातळ चिकट पापुद्रा धरतो. त्यात जंतू सुरक्षित राहतात. वरून पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते.

इंदिरानगरातील नळाचे पाणी महानगरपालिका शुद्ध करून, क्लोरीन घालून सोडते. नाशिक शहराला गंगापूर धरणाचे व अलीकडे मुकणे धरणाचेही पाणी मिळते. पण ते पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत आणि मग कूलरमध्ये येते. प्रत्येक मुक्कामाला क्लोरीन उडत जाते. त्यात कूलरच्या आधी कोळशाचा फिल्टर असेल, तर तो वासाबरोबर उरलेसुरले क्लोरीनही शोषून घेतो. म्हणजे फिल्टरनंतरच्या टाकीला राखणदार उरत नाही. "आमच्याकडं फिल्टर हाय, मग टाकी कशाला धुवायची?" असे म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावे. फिल्टर आहे म्हणूनच टाकी अधिक वेळा धुवायची.

गावाकडे विहीर किंवा बोअरचे पाणी असते. तिथे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओ. टी. चाचणी करतो, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे असे समजायचे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे, असे भारतीय मानक सांगते. ही चाचणी टाकीवर होते तशी कूलरच्या तोटीवरही करून घ्यावी. बोअरच्या पाण्यात क्षार फार असतील तर टाकीत पांढरा थर बसतो. कारखान्यात रस आटविण्याच्या भांड्यांच्या नळ्यांत थर बसला की उष्णता पोचत नाही आणि गाळप थांबवून सफाई करावी लागते. कूलरमध्येही क्षाराचा थर गारवा अडवितो.

सफाई कशी करावी

१. पिन काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही.

२. टाकीतील सर्व पाणी खालच्या निचऱ्याच्या तोटीने सोडून द्यावे.

३. मऊ ब्रशने टाकीच्या कडा, झाकण आणि कोपरे घासावेत. तारेचा घासा वापरू नये. स्टीलवर चरे पडतात आणि चऱ्यात जंतू घर करतात.

४. क्षाराचा थर असेल तर लिंबूसत्त्वाचे पाणी लावून काही वेळ ठेवावे, घासावे आणि दोन-तीन पाण्यांनी पूर्ण धुवून काढावे.

५. मग जंतुनाशन. ८० लिटरच्या टाकीला २५ टक्के क्लोरीनची १६ ग्रॅम टी. सी. एल. पावडर पुरते, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होते. पावडर सरळ टाकीत टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी भरल्या टाकीत ओतावे. ते पाणी प्रत्येक तोटीतून थोडे येऊ द्यावे आणि अर्धा तास ठेवावे. जास्त वेळ ठेवल्यास स्टीलला गंज धरतो.

६. सर्व पाणी सोडून द्यावे आणि क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत टाकी व तोट्या धुवाव्यात.

एक इशारा. लिंबूसत्त्व किंवा कोणतेही आम्ल आणि टी. सी. एल. पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आधीचे पूर्ण धुतल्याशिवाय दुसरे वापरू नये.

टाकी गळू लागली तर शिशाचा डाख देऊ नये. अमेरिकेत शाळांतील काही कूलरच्या टाक्यांत व सांध्यांत शिसे सापडले आणि १९८८ साली खास कायदा करून शिशाचे अस्तर असलेले कूलर परत घ्यायला लावले गेले. शिसे लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम करते. स्टीलची टाकी स्टीलच्याच वेल्डिंगने जोडून घ्यावी.

अर्थिंग : इथे काटकसर नको

कूलरला शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वाचायला मिळतात. आतली एखादी वायर घासून उघडी पडते आणि सगळा पत्रा जिवंत होतो. अर्थिंग चांगले असेल तर प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज उडतो. नसेल तर तो पाणी पिणाऱ्याच्या अंगातून जातो. फ्यूज असतो ५ किंवा १५ अँपियरचा, आणि माणसाचा जीव जायला अँपियरचा दहावा भागही पुरतो. म्हणजे फ्यूज जागचा हलत नाही आणि माणूस जातो.

यासाठी कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आर. सी. सी. बी. बसवावाच. एवढीशी गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, बंद पडला तर ठीक, न पडला तर बदलावा. तीन पिनांची पिन तोडून दोन तारा बोर्डात खोचणे हा प्रकार बंद करावा. काही ठिकाणी अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. हे फार घातक आहे. कुठे न्यूट्रल तुटली तर कूलरच्या पत्र्यात थेट वीज उतरते. अर्थिंगचा खड्डा वेगळा असावा, त्यात मीठ-कोळसा असावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे. पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्या तर "थोडंसंच लागतंय" म्हणून सोडून देऊ नये. त्याच क्षणी पिन काढून वायरमन बोलवावा.

घरच्या हवेच्या कूलरबद्दल दोन शब्द

इंदिरानगरातील घरांत एप्रिल-मे महिन्यात हवेचे कूलरही लागतात. त्यांनाही अर्थिंगचा नियम तोच, पाणी भरण्यापूर्वी पिन काढायची. त्यातले साठलेले स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करून कडा घासाव्यात. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. वॉटर कूलरच्या तोटीखालचे सांडपाण्याचे ताटही तसेच कोरडे ठेवावे.

वेळापत्रक

रोज : तोट्या व ताट पुसणे, साखळीचा पेला घासणे. सुट्टीनंतर साठलेले पाणी सोडून देणे.

आठवड्याला : ताट व निचऱ्याची नळी घासणे.

पंधरा दिवसांनी : टाकी रिकामी करून घासणे व जंतुनाशन.

महिन्याला : जाळीची धूळ काढणे, आर. सी. सी. बी.चे बटण तपासणे.

तीन महिन्यांनी : फिल्टरची कांडी पाहणे, मळली असल्यास बदलणे.

वर्षाला : अर्थिंगची मोजणी, वायर व थर्मोस्टॅटची तपासणी, अल्ट्राव्हायोलेट दिवा असल्यास तो बदलणे. दिवा पेटलेला दिसला तरी त्याची जंतू मारण्याची शक्ती वर्षभरात उतरते. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घेणे.

गाळप संपले की आपण मिलचे रोलर उघडतो, बॉयलरच्या नळ्या तपासतो, तेव्हा कुठे पुढचा हंगाम सुखाने जातो. गावच्या कूलरलाही असा ऑफ सीझन ठरवून द्यावा. शाळेला किंवा मंदिराला कूलर देणाऱ्या सभासदांना आमची विनंती आहे की, किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम दरसाल देखभालीसाठी बाजूला काढावी. दात्याच्या पाटीशेजारी एक पुठ्ठ्याचे कार्ड टांगावे. त्यावर सफाई करणाराचे नाव, शेवटच्या सफाईची तारीख आणि पुढची तारीख लिहावी. पाणी पिणाऱ्याने आधी ते कार्ड वाचावे आणि तारीख उलटून गेली असेल तर विचारायला संकोच करू नये.