टेस्ट लॅम्पचे दिवस

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. मे महिन्यात तापलेल्या इंजिनाशेजारी बसून मराठवाडा पार करणाऱ्या ड्रायव्हरला हा गारवा फार आधी मिळायला हवा होता, त्याबद्दल वाद नाही. पण एसीचा ब्लोअर, कंडेन्सरचे पंखे, जीपीएस, युरियाचा पंप, सेन्सर आणि कंट्रोल युनिट या सगळ्यांचं ओझं शेवटी एका अल्टरनेटरवर पडतं. तो बसला की आजचा ट्रकही असेल तिथं बसतो. त्याला उठवणारा माणूस मात्र हायवेवर दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे.

१९५४ मध्ये टेल्कोचा पहिला ट्रक जमशेदपूरला तयार झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांबद्दल चार्जिंगच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही. डायनमो होता, कटआऊट होता आणि दोघांची कुरकुर होती. इंजिन रेसमध्ये असेल तरच डायनमो करंट द्यायचा. नाक्यावर गाडी आयडलला खोळंबली की दिव्यांचा भार बॅटरीवर यायचा. हळूहळू अल्टरनेटर आला, आयडललाही चार्जिंग मिळू लागलं आणि हा विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

तो संपला नव्हता. खरी गंमत नव्वदच्या दशकात होती.

तेव्हा एक्स्प्रेसवे व्हायचा होता आणि मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक जुन्या रस्त्यानं बोरघाट चढायची. मालक कंपनीकडून नुसती चॅसी घ्यायचा, केबिन आणि बॉडी बाहेर बांधून घ्यायचा. इंजिनाचा डिझेल पंप यांत्रिक होता आणि बंद करायला ओढायचा स्टॉपर. एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची गरजच नसे. चार्जिंग गेलं तरी ट्रक दिवसाउजेडी कोल्हापूरहून वाशीच्या मार्केटला पोचायचा, फक्त वाटेत इंजिन बंद करायचं नाही. भरलेली गाडी ढकलून सुरू होत नाही, म्हणून बॅटरीचा भरवसा नसलेले ड्रायव्हर ढाब्यावर उतार हेरून, तोंड खाली करून गाडी लावत. सकाळी ब्रेक सोडायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा.

म्हणजे चार्जिंगवाचून ज्याचं फारसं अडत नव्हतं, त्या ट्रकासाठी हायवेच्या प्रत्येक मोठ्या गावात पंक्चरवाल्याशेजारी वायरमनची टपरी होती. हत्यारं म्हणाल तर टेस्ट लॅम्प, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि सोल्डरिंगचा खड्या. मल्टिमीटर असला तर असला.

चांगला वायरमन आधी पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा. मग चावी फिरवून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो का ते पाहायचा. बऱ्याच अल्टरनेटरांना सुरुवातीचा फिल्डचा करंट याच दिव्यातून मिळे. बल्ब उडालेला असेल तर अल्टरनेटर धडधाकट असूनही जागा होत नसे, आणि मालक मात्र नव्या अल्टरनेटरचे भाव काढत बसलेला असे. दिवा लागला, की वायरमन स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्यायचा. लोखंड खेचलं गेलं तर फिल्ड ठीक. नाही खेचलं तर कार्बन झिजलेले, स्लिप रिंग काळी पडलेली किंवा रेग्युलेटर गेलेला. कार्बन बदलणं हे अर्ध्या तासाचं आणि किरकोळ पैशांचं काम.

डायोड गेल्याची त्याची परीक्षा तर याहून झकास होती. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन थंडगार आणि बॅटरी उतरलेली. वायरमन अल्टरनेटरवर तळहात ठेवायचा. तो कोमट लागला तर डायोड शॉर्ट, रात्रभर बॅटरी त्यातून गळत होती. सेल्फ मारल्यावर तो असाच टर्मिनलांना आणि अर्थच्या पट्टीला हात लावून बघायचा. जो जोड गरम, तिथं गंज. ती पट्टी सोडवून घासून परत आवळली की कितीतरी ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होत.

या दशकाचा खरा खलनायक होता टेपरेकॉर्डर. मोठ्या ट्रकात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट होतात, आणि टेप चालायचा बारावर. मग बॉडीवाला नाहीतर हौशी क्लीनर एकाच बॅटरीवरून वायर ओढायचा. गाणी रात्रभर वाजत. ती एक बॅटरी कायम अर्धपोटी राही, तिच्या वाट्याचं दुसरीला जास्त मिळे आणि तिचं पाणी उकळून आटे. सहा-आठ महिन्यांत एक मरायची, मालक एकच नवी आणायचा, आणि जुनीच्या जोडीला बसवलेली नवीही लवकर खलास व्हायची. शिव्या कंपनीला. साधा कन्व्हर्टर लावला असता तर हे सगळं टळलं असतं.

बॅटरीवालेही साव नव्हते. कडक रबराच्या डब्याची, डांबरानं सील केलेली बॅटरी उघडून एखादा सेल बदलणं ही कारागिरी होती खरी, पण ‘उतरलेल्या’ बॅटरीत डिस्टिल वॉटरऐवजी ॲसिड ओतून हायड्रोमीटरचा आकडा १२६०वर नेण्याची लबाडीही तिथलीच. चार दिवस सेल्फ जोरात फिरे, प्लेटा मात्र कायमच्या बाद होत. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘डायनमो चेक’ करणारे बहाद्दर तर होलसेलात डायोड जाळत. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी सुटली, तर चोवीस व्होल्टच्या गाडीत क्षणभर शंभरच्या वर व्होल्ट उसळतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय बिनफ्यूजच्या वायरिंगनं पेटलेल्या केबिन आठवल्या, तर त्या काळाबद्दल फार हळवं होण्याचं कारण नाही.

पण एक गोष्ट तेव्हा होती. पार्ट बदलण्याआधी तपासणी व्हायची.

पुढची वर्षं भराभर उलटली. २००१ च्या बॅटरीविषयक नियमांनी जुन्या शिशाचा व्यवहार शिस्तीत आणायला घेतला, ते योग्यच झालं. सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि झाकणांबरोबर हायड्रोमीटर गेला. कॉमन रेल इंजिनं आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झालं आणि ट्रक वीज नसेल तर एक पाऊल न टाकणारा झाला. आता व्होल्टेज घसरलं की लाल दिव्याआधी इंजिनाची ताकद घटते आणि स्क्रीनवर भलत्याच सेन्सरचे एरर कोड येतात. स्कॅनरवाला सेन्सर बदलतो. दोन दिवसांनी तोच कोड परत. दोष पुष्कळदा इंजिन आणि चॅसी यांच्यामधल्या त्याच गंजलेल्या अर्थच्या पट्टीत असतो.

रस्त्यावरच्या वायरमनला हे कळत नाही असं नाही, पण वायरिंगला हात लागला तर वॉरंटी जाईल या धास्तीनं मालक त्याला बॉनेटजवळ फिरकू देत नाही. वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये ‘अल्टरनेटर असेंब्ली’ असते, ‘कार्बन’ कधीच नसतो. इंजिन बंद असताना बॅटऱ्यांवर पंचवीसच्या आसपास व्होल्ट, चालू असताना साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस, आणि भार टाकल्यावर अल्टरनेटरच्या मोठ्या वायरीपासून बॅटरीपर्यंतची घट अर्ध्या व्होल्टच्या आत. हे तीन आकडे घ्यायला साधा मल्टिमीटर आणि पाच-दहा मिनिटं लागतात. हजारोंच्या बिलावर ते लिहिलेले सापडले, तर मालकानं ते बिल जपून ठेवावं.