गाणे का अडते?

ऐकता ऐकता गाणे मध्येच थांबले, तर तुम्ही काय करता? मोबाइल हलवून पाहता, दोन-चार वेळा बोट दाबता आणि शेवटी म्हणता, "नेट स्लो आहे!" पुष्कळदा हे निदान चुकीचे असते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आपण नगरच्या एका घरी जाऊया. नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण लोकांच्या तोंडी अजून 'नगर'च आहे.

हे घर माझ्या ओळखीचे आहे. जुन्या वस्तीतले, जाड दगडी भिंतींचे. आतल्या खोलीत दादाजान असतात. दोन वर्षांपासून त्यांना अंथरुणावरून उठता येत नाही. वाचायला डोळे साथ देत नाहीत. मगरिबनंतर तासभर गाणे ऐकायचे, एवढीच त्यांची हौस. त्यातही आवड उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. पण ते मिरजेत राहिले आणि १९३७ साली वारल्यावर त्यांचे दफनही मिरजेतच झाले. त्यांच्या काळच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. आता सांगा, तीन मिनिटांचे गाणे तीनदा अडले, तर ऐकणाऱ्याच्या हाती काय उरले?

नेमके तेच होत होते. घरातल्या जुन्या कॅसेटींवरची गाणी पुढच्या खोलीतल्या संगणकात उतरवून ठेवलेली होती. दादाजानांच्या उशाशी एक जुना लॅपटॉप आणि त्याला जोडलेला स्पीकर. गाणे संगणकातून निघायचे आणि वायफायवरून लॅपटॉपकडे यायचे. संपूर्ण गाणे आधी उतरवून न घेता ते येईल तसतसे वाजवणे, याला स्ट्रीमिंग म्हणतात. रोज संध्याकाळी गाणे अडू लागले. दादाजान काही बोलत नसत. फक्त हाताने खूण करत, "राहू दे, बंद कर."

अब्बा म्हणाले, "महिन्याला दोनशे रुपये जास्त भरू आणि मोठा प्लॅन घेऊ."

त्यांची मुलगी नववीत शिकते. ती म्हणाली, "अब्बा, आधी गणित करून पाहू."

तिचे गणित आपणही करूया. संगणकाला आवाज कळत नाही, फक्त आकडे कळतात. म्हणून तो सेकंदातून हजारो वेळा आवाजाचे माप घेतो. सीडीमध्ये हे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते. प्रत्येक माप १६ बिटांचे आणि डावा-उजवा असे दोन आवाज. गुणाकार केला, तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हा आवाज दाबून लहान करता येतो. या घरातली गाणी सेकंदाला ३,२०,००० बिट इतकी लहान केलेली होती. आणि त्यांचा इंटरनेटचा प्लॅन किती? सेकंदाला चार कोटी बिट. भागाकार करा. उत्तर १२५ येते. म्हणजे त्या प्लॅनमध्ये अशी सव्वाशे गाणी एकाच वेळी वाजू शकतात!

शिवाय दुसरी गोष्ट अशी, की हे गाणे बाहेरून येतच नव्हते. प्लॅनचा रस्ता बाहेरून आपल्या दारापर्यंत. गाणे तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होते. दोनशे रुपये भरून दाराबाहेरचा रस्ता रुंद झाला असता. घरातला बोळ तसाच राहिला असता.

मग गाणे का अडत होते?

त्यासाठी ते कसे जाते, हे पाहावे लागेल. नेटवर्कवरून गाणे सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण त्याला पाकीटच म्हणूया. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. एका पाकिटात साधारण दीड हजार बाइट मावतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे आपल्या गाण्याची सेकंदाला सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस पाकिटे होतात. एखादे वाटेत हरवले, तर ते पुन्हा मागवले जाते.

पाकिटांवरून नगरच्या किल्ल्याची आठवण होते. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ ते १९४५ या काळात तेथे कैदेत होते. त्यांनी आपले स्नेही मौलाना हबीबुर रहमान खाँ शेरवानी यांच्या नावे तेथे पत्रे लिहिली. ती तेव्हा टपालात पडू शकली नाहीत. पुढे १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यांतले एक पत्र संगीतावर आहे. आपण सतार कसे शिकलो, हे मौलानांनी त्यात सांगितले आहे. ती पत्रे इतक्या उशिरा लोकांपर्यंत पोचली, तरी त्यांची गोडी कमी झाली नाही. गाण्याच्या पाकिटाचे तसे नाही. पाचव्या सेकंदाचा सूर पाचव्या सेकंदालाच वाजला पाहिजे. तो सहाव्या सेकंदाला पोचला, तर गाणे थांबून त्याची वाट पाहत बसते.

आता वजूचा हौज आठवा. नळ कधी जोरात येतो, कधी बारीक होतो, कधी दहा मिनिटे बंदही पडतो. पण हौज भरलेला असला, तर वजू करणाऱ्याला ते जाणवत नाही. निजामशाहीत नगर शहराला कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी येई. त्या काळचा फराहबागचा महाल तर एका मोठ्या तलावासारख्या हौदाच्या मधोमध उभा आहे. (तुमच्या उर्दूतला 'हौज' तो मराठीतला 'हौद'. शब्द एकच, फक्त शेवटचे अक्षर बदलले.) लॅपटॉपमध्येही असाच एक हौद असतो. त्याला बफर म्हणतात. येणारी पाकिटे आधी त्यात साठतात आणि तेथून एका लयीत बाहेर पडतात. हौदात दहा सेकंदांचे गाणे साठलेले असेल आणि पाकिटे तीन सेकंद आली नाहीत, तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

मुलीने लॅपटॉपमध्ये पाहिले. हौद दोनच सेकंदांचा होता. तिने तो दहा सेकंदांचा केला. गाणे सुरू व्हायला थोडा उशीर होऊ लागला; पण अडणे कमी झाले. बंद मात्र झाले नाही. साहजिकच आहे. नळच पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर हौद किती पुरणार?

नळ कोठे अडतो, हे शोधायला एक सोपी युक्ती आहे. संगणकात 'पिंग' नावाची आज्ञा असते. ती म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारणे. हाकेला ओ यायला किती वेळ लागला, ते सेकंदाच्या हजाराव्या भागात दिसते. मुलीने दादाजानांच्या खोलीतून राउटरला हाका मारल्या. उत्तरे आली : २, ३, २, मग एकदम ४१०, मग उत्तरच नाही. तोच लॅपटॉप राउटरजवळ नेला, तेव्हा सगळी उत्तरे २ नाही तर ३. लॅपटॉप चांगला होता, राउटरही चांगला होता. दोष मधल्या वाटेत होता. तुमच्या घरी गाणे अडले, तर आधी ही परीक्षा करा आणि मगच पैसे खर्च करा.

राउटर ठेवला होता जमिनीवर, लोखंडी कपाटामागे. दिसायला वाईट दिसतो म्हणून! वायफायच्या लहरी लोखंडातून पार जात नाहीत आणि जाड दगडी भिंतीत खूप क्षीण होतात. तो तिने कपाटापासून दूर, उंच फळीवर ठेवला. मोठाच फरक पडला.

तरीही रात्री आठच्या सुमारास गाणे एखाद्या वेळी अडेच. त्याचे कारण शेजारी. वर्गात एका वेळी एकानेच बोलायचे असते, तसे एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते; बाकीची थांबतात. वायफायचे नेहमीच्या वापरातले दोन पट्टे आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला पट्टा भिंतीतून बरा जातो. पण त्यात एकमेकींवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. साऱ्या गल्लीची गर्दी त्याच तिघींवर. दुसऱ्या पट्ट्यात जागा पुष्कळ. पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. दादाजानांच्या खोलीपर्यंत तो धड पोचतच नव्हता.

शेवटी तिने तार टाकली. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत बारा मीटर नेटवर्क केबल, चौकटीच्या कडेने. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात काळजीच नाही. तारेत शेजारी येत नाहीत, भिंतही येत नाही. ज्या वस्तूला जागेवरून हलायचे नाही, तिला तार द्यावी आणि हवा मोबाइलसाठी मोकळी ठेवावी, असे माझेही मत आहे. खर्च एकदाच झाला, तोही जादा प्लॅनच्या दोन महिन्यांपेक्षा कमी.

आणखी दोन किरकोळ गोष्टी निघाल्या. अर्ध्या तासाने संगणक आपोआप झोपी जाई. ती झोप बंद केली. एकदा वीज जाऊन आली, तर लॅपटॉपला संगणक सापडेना. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलूही शकतो. संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला, तेव्हा तीही कटकट मिटली.

मध्यंतरी रस्ता खणताना त्या गल्लीची इंटरनेटची तार तुटली. दोन दिवस सगळ्यांचे मोबाइल मुके. अब्बा दारात उभे राहून शेजाऱ्यांशी तेच बोलत होते. आतल्या खोलीत नेहमीच्या वेळी गाणे सुरू झाले. दादाजानांनी नातीला जवळ बोलावून विचारले, "सगळ्यांचे बंद आहे म्हणतात. मग खाँसाहेब कोठून गात आहेत?"

"पुढच्या खोलीतून, दादाजान," ती म्हणाली.