हेडफोनविषयींच्या कांहीं तक्रारी व त्यांचीं कारणें

आमच्या उपनगरांतील ज्या घरांत एखादा संगीताचा शौकीन विद्यार्थी आहे, त्या घरीं हल्लीं एका वस्तूवरून वाद झाल्यावांचून राहत नाहीं. ही वस्तु म्हणजे हौशी श्रोत्यांकरितां मुद्दाम बनविलेला, दोन्ही कानांवर वाट्यांसारखा बसणारा मोठा हेडफोन होय. मुलें हट्ट धरतात, पालक कांहीं हजार रुपये मोजतात, आणि महिना लोटतो न लोटतो तोंच कुरकुर सुरू होते. डोकें दुखतें, कान तापतात, गादीचे पोपडे निघाले, खर्ज ऐकूंच येत नाहीं, आवाज कानाला बोचतो, अशा त्या तक्रारी. दुकानदारानें फसविलें असें म्हणून पालक मोकळे होतात, आणि मुलें त्याच यंत्राचा आवाज आणखी वाढवून वेळ मारून नेतात. यांपैकीं मुलांचा उपाय फार घातक आहे. म्हणून या तक्रारींचीं मूळ कारणें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही कुरकुर आजची नव्हे. ता. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट. साध्या क्रिस्टल सेटवर त्याचा कार्यक्रम सुमारें तीस मैलांपर्यंत ऐकूं येई. बोरीवली व मुलुंड हीं ठाणीं चर्चगेट व बोरीबंदर येथून रेल्वेनें बावीस मैलांच्या आंतच असल्यामुळें, अंधेरी, घाटकोपर वगैरे सारीं उपनगरें या टापूंत मोडत. क्रिस्टल सेटला वीज लागत नसे. हवेंतून येणाऱ्या लहरींच्या क्षीण शक्तीवरच तो चाले. तेवढ्या शक्तीनें कर्णा वाजणें अशक्य, तेव्हां हेडफोन घालणें भाग पडे. आणि तो हेडफोन तरी कसा? एक पोलादी पट्टी, तिच्या टोकांस दोन टणक टोप्या, आंत चुंबकासमोर लोखंडाचा पातळ पत्रा. गादीचें नांव नाहीं. तास दीड तास गाणें ऐकून उठणाऱ्याच्या कानांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

याचें कारण असें कीं, हेडफोन मुळांत संगीतासाठीं जन्मास आलाच नव्हता. १९१० सालीं नॅथॅनियल बाल्डविन या अमेरिकन गृहस्थानें यूटा प्रांतीं आपल्या घरच्या स्वयंपाकघरांत हेडफोन तयार करून अमेरिकेच्या नौदलाकडे पाठविले. क्षीण संदेश स्पष्ट ऐकूं यावा, एवढेंच तेथें काम होतें. दोन्ही कानांस निरनिराळा आवाज पोंचवून संगीताचा आनंद देणारा हेडफोन जॉन कॉस यांनीं मिलवॉकी येथें १९५८ सालीं पुढें आणला. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९६८ मध्यें, जर्मनींतील सेनहायझर कंपनीनें पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा, पाठ उघडी असलेला 'एच. डी. ४१४' विक्रीस काढला. आजचे हौशी हेडफोन या दोन घराण्यांतले: बंद पाठीचे व उघड्या पाठीचे. कोणत्या घराण्याचा हेडफोन आपण घेत आहों हें न पाहतां जो पैसे मोजतो, त्याच्या निम्म्या तक्रारी तेथेंच जन्मतात.

आतां दाबाची तक्रार घेऊं. हेडफोन डोक्यावर दोन गोष्टींमुळें टिकतो. एक, वरच्या पट्टीवर पडणारें वजन, व दुसरी, दोन्ही बाजूंनीं कानशिलांवर बसणारा चिमटा. चिमटा सैल केला तर आराम वाटतो, हें खरें. पण मग खर्ज जातो. खर्जाचे स्वर कानाजवळ कोंडलेल्या हवेच्या दाबानें ऐकूं येतात. गादीखालीं बोटाच्या नखाएवढी फट राहिली तरी ती हवा निसटते, आणि डग्ग्याचा घुमारा नाहींसा होऊन नुसती टकटक उरते. म्हणजे सुख व स्वर हे येथें एकमेकांशीं भांडणारे सोबती आहेत. सेनहायझरचा 'एच. डी. ६००' हा १९९७ पासूनचा नामांकित हेडफोन नवा असतांना फार आवळतो, ही तक्रार जगभर ऐकूं येते. त्यावर हौशी लोक तो रात्रभर पुस्तकांच्या ढिगावर चढवून ठेवतात, किंवा पट्टींतील धातूचे भाग अगदीं थोडे ताणतात. ज्याची पट्टी सबंध प्लास्टिकची आहे त्यावर मात्र हा प्रयोग करूं नये, ती मोडते.

खर्ज जाण्याचीं आणखी कांहीं कारणें आपल्या अंगावरच असतात. चष्म्याची दांडी गादीखालून जाते व तेथें फट पडते. जाड दांडीच्या चष्म्यानें तर फारच. कानांतल्या कुड्या, भिकबाळी, कानावरून घेतलेली जाड वेणी यांचाही तोच परिणाम, शिवाय टोंचणें वेगळें. ज्या हेडफोनच्या गाद्या कानाभोंवतीं न बसतां कानाच्या पाळीवर टेकतात, त्यांत हा त्रास अधिक. म्हणून ज्याला चष्मा आहे त्यानें चष्मा लावूनच हेडफोन पारखावा, व मुलींनीं रोजची केशरचना व रोजचे दागिने असतांनाच पारखावा. पांच मिनिटें घालून पाहणें हें न पाहण्यासारखेंच आहे. दुखणें बहुधा अर्ध्या तासानंतर सुरू होतें.

वजनाविषयीं थोडें. कांहीं हेडफोनांत लहान गुंडाळीऐवजीं एक मोठा सपाट पडदा चुंबकांच्या ओळींसमोर हलत असतो. त्यांचा खर्ज भरदार लागतो खरा, परंतु चुंबकांमुळें ते जड होतात; अमेरिकेंतील ऑडझी कंपनीचा 'एल. सी. डी. २' अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. असलें वजन अरुंद पट्टीनें पेलायचें तर टाळू दुखणारच. पट्टी रुंद हवी, किंवा कमानीखालीं लोंबणारी चामड्याची झोळी हवी, म्हणजे तेंच वजन अधिक जागेवर वांटलें जातें.

बांधणीच्या तक्रारी मुंबईंत विशेष आहेत, व त्याचा दोष पुष्कळ अंशीं आपल्या हवेकडे जातो. स्वस्त गाद्यांवर जें चामडें दिसतें तें चामडें नसून कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेंतील ओलाव्यानें या थराचे रासायनिक दुवे हळूहळू तुटतात. पावसाळ्यांतील चार महिने व बाराही महिने कपाळावर येणारा घाम हें काम जलद उरकतात. मग काळे पोपडे गालांस व उशीस चिकटूं लागतात. कोरड्या, थंड हवेच्या देशांत जी गादी पुष्कळ वर्षें टिकते, ती येथें दोन-तीन पावसाळ्यांत हात टेकते, यांत नवल नाहीं. मखमली कापडाच्या गाद्यांचे पोपडे निघत नाहींत, त्या धुतांही येतात. पण त्या धूळ धरतात व त्यांतून आवाज थोडा निसटतो. घाम पुसल्यावांचून हेडफोन पेटींत बंद करूं नये, आणि पेटींत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी, हा साधा उपाय बहुतेक जण विसरतात.

गादी गेली म्हणून हेडफोन फेंकण्याचें कारण नाहीं, परंतु ती बदलतां आली पाहिजे. येथें आमचें मत स्पष्ट आहे: ज्या हेडफोनच्या गाद्या, वायर व पट्टी हातानें काढून बदलतां येतात, तो आवाजांत थोडा उणा असला तरी घ्यावा, जो सर्वत्र डिंकानें चिकटविलेला आहे, तो कितीही गोड वाजला तरी घेऊं नये. वर सांगितलेला 'एच. डी. ६००' इतकीं वर्षें टिकून आहे तो याच गुणामुळें. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गाद्या व वायरी विकणारीं दुकानें आहेत. तेथें नेतांना जुनी गादी बरोबर न्यावी, कारण नुसत्या नांवावरून माप जुळेलच असें नाहीं. बिनतारी हेडफोनची गोष्ट निराळी. त्यांतील बॅटरीचें आयुष्य ठरलेलें असतें, आणि ती बदलण्याची सोय नसली तर सारें यंत्रच तिच्याबरोबर जातें.

आतां आवाजाकडे वळूं. "आवाज कमी येतो" ही तक्रार पुष्कळदां हेडफोनची नसून मोबाईलची असते. कांहीं हौशी हेडफोनांचा विद्युत्-विरोध २५०, ३०० किंवा ६०० ओहम असतो. मोबाईलचा दाब त्यांस पुरत नाहीं. ही उणीव वेगळ्या अँप्लिफायरनें भरून निघते. "आवाज बोचतो" ही तक्रार मात्र अधिक नाजूक आहे. आपल्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असून, दर सेकंदास सुमारें ३,००० कंपनांच्या आसपासचे स्वर ती स्वतःच मोठे करते. नळीची लांबी व पाळीची घडण माणसागणिक भिन्न. म्हणून एकाच हेडफोनचा 'स'कार एकास स्वच्छ लागतो व दुसऱ्यास सुईसारखा टोंचतो. दोघेही खरें बोलत असतात. कधीं दोष यंत्राचाही असतो. सेनहायझरनें २००९ मध्यें काढलेल्या 'एच. डी. ८००' मध्यें सुमारें ६,००० कंपनांजवळ आवाज उगाच उंचावतो असें श्रोते म्हणत. २०१६ च्या सुधारित 'एच. डी. ८०० एस' मध्यें त्या जागीं ध्वनि शोषून घेण्याची योजना केली गेली. तक्रार नेमकी असली म्हणजे ती कारखान्यापर्यंत पोंचते, याचें हें चांगलें उदाहरण होय.

आणि कधीं कधीं दोष कोणाचाच नसतो. १९२५ पूर्वींचीं गाणीं विजेच्या मायक्रोफोनवांचून, कर्ण्यांत तोंड घालून मुद्रित होत. बालगंधर्वांच्या आरंभींच्या तबकड्या याच जातीच्या. त्यांत खोल खर्ज नाहीं आणि फार उंच स्वरही नाहींत. लाख रुपयांचा हेडफोन लावला तरी जें मुद्रितच झालें नाहीं तें कोठून येणार? हेडफोन पारखायचा तर अलीकडच्या मुद्रणांतला तानपुरा ऐकावा. त्याच्या जवारींतून निघणारे बारीक स्वर वेगवेगळे उमटत असले व षड्ज त्यांखालीं भरीव राहत असला, तर यंत्र ठीक आहे असें समजावें.

राहिली लोकल गाडी. उघड्या पाठीचा हेडफोन घरच्या शांत खोलींत सर्वांत मोकळा वाजतो; गाडींत तो निरुपयोगी, कारण बाहेरचा सारा कोलाहल आंत येतो व आपलें गाणें शेजाऱ्यास ऐकूं जातें. गाडींत घालण्यास बंद पाठीचा, किंवा बाहेरचा आवाज विजेनें खोडून काढणारा हेडफोन हवा. ही दुसरी कल्पना १९७८ सालीं विमानप्रवासांत अमर बोस यांस सुचली. त्यांचे वडील बंगाली. तींत बाहेरच्या ध्वनीच्या नेमका उलट ध्वनि तयार करून दोघांस एकमेकांवर सोडतात. चाकांची एकसुरी घरघर तीमुळें पुष्कळ मावळते, पण फेरीवाल्याची आरोळी मावळत नाहीं, कारण अचानक उठणाऱ्या, उंच ध्वनीस गांठणें यंत्रास कठीण जातें. आरोळी ऐकूं आली म्हणून हेडफोन बिघडला असें समजूं नये. फलाटावर व रस्त्यावर ही सोय बंदच ठेवावी.

खरा धोका यापुढें आहे. गादीखालीं फट आहे, खर्ज गेला आहे, गाडी घरघरते आहे; अशा वेळीं विद्यार्थी आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकल्यास सहसा अपाय नाहीं. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबल धरतात. आवाज १० डेसिबलनें वाढला म्हणजे त्याची शक्ति दसपट होते, म्हणून ९० डेसिबलला त्याच आठवड्यांत अवघे ४ तास उरतात. बोरीवलीहून चर्चगेटला धीम्या गाडीनें तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. जो कॉलेजचा विद्यार्थी जातां-येतां या आवाजांत गाणें ऐकतो, त्याचा सबंध आठवड्याचा वाटा सोमवार-मंगळवारींच संपतो. कानाच्या आंतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशी ध्वनि ग्रहण करतात, त्या एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत.

पुष्कळ मोबाईलांत ऐकलेल्या आवाजाची आठवड्याची नोंद ठेवण्याची सोय असते. पालकांनीं ती मुलांबरोबर बसून एकदां पाहावी. हेडफोन काढल्यावर कान गुणगुणत असतील, किंवा घरांतील माणसांचें बोलणें कांहीं वेळ दुरून आल्यासारखें वाटत असेल, तर तो हेडफोन त्या दिवसापुरता बाजूस ठेवावा. आणि असें पुन्हां पुन्हां होऊं लागल्यास कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणाची मोजणी करून घ्यावी.