पावसाचा बिघाड पावसातच शोधावा

रत्नागिरीहून निघालेली गाडी हातखंबा तिठ्यावर डावीकडे मुंबईची वाट धरते, नाहीतर उजवीकडे पालीची. पालीहून सरळ गेलं की गोवा आणि साखरप्यावरून आंबा घाट चढला की कोल्हापूर. मिरकरवाडा बंदरातली मासळी, हापूसच्या पेट्या, जांभा चिरा, सिमेंट असा सगळा माल या रस्त्यांवरून वाहणाऱ्या पिकअप आणि ‘छोटे हत्ती’ बघितले, तर दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाड्या कितीतरी दिसतात. अशी गाडी दोन दिवस गॅरेजला लागली की भाडं बुडतं आणि बर्फातली मासळी काही वाट बघत थांबत नाही.

या गाड्यांची एक तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. उन्हाळाभर निमूट धावलेली गाडी जून उजाडला की मिसिंग मारायला लागते. चढाला झटके देते, ॲक्सिलरेटर दाबला तरी रेस खात नाही. मालक गाडी गॅरेजला नेतो तोवर पाऊस उघडलेला असतो, इंजिन तापून सुकलेलं असतं. मेस्त्री चक्कर मारून येतो, तर गाडी ठणठणीत. मग अंदाजाने प्लग बदलतात, फिल्टर बदलतात, कधी पंपही खोलला जातो आणि पुढच्या जोरदार सरीला गाडी पुन्हा तशीच. यात पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पावसात दिसणारा बिघाड पावसातच, किंवा मुद्दाम पाणी मारून शोधावा. पाऊस सहसा नवा दोष आणत नाही. आधीच तडकलेली वायर, गंजलेला जोड, सैल झाकण तो उघडं पाडतो.

सुरुवात इंधनापासून करावी, कारण पेट्रोल-सीएनजी आणि डिझेल या दोन इंजिनांत ओलाव्याची वाट वेगळी आहे. पेट्रोल आणि सीएनजी ठिणगीने पेटतात. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं, तिथे स्पार्क प्लगही नाही आणि त्याची वायरही नाही. डिझेल पिकअपच्या मालकाला कोणी ‘पावसाने ठिणगी मरते’ असं सांगत असेल, तर तो शोध पहिल्याच पायरीवर चुकला.

ठिणगीच्या गाडीत प्लगला हजारो व्होल्ट लागतात. तडा गेलेल्या रबरी बूटवर, जुनाट वायरवर किंवा कॉइलवर ओलावा बसला की विजेला प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट मिळते आणि ती बाहेरच्या बाहेर इंजिनच्या लोखंडात उतरते. त्या सिलिंडरमधलं इंधन न जळता सायलेन्सरकडे जातं. नुसतं पावसाचं पाणी फारशी वीज वाहून नेत नाही. त्यात विरघळलेलं मीठ आणि धूळ हे काम करतात. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि महामार्गाच्या धुळीत उन्हाळाभर फिरलेल्या इंजिनावर या दोन्हींचा थर असतोच. म्हणून धो धो पावसापेक्षा पहिली रिमझिम किंवा दाट धुकं जास्त त्रास देतं. किनाऱ्यालगतच्या विजेच्या खांबांवर पहिल्या पावसात इन्सुलेटरवरून ठिणग्या उडतात, त्यामागचं कारणही हेच.

मग झटके चढालाच का येतात? जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं की फटीतून ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज हवेच्या दाबावर आणि फटीच्या रुंदीवर ठरतं. ओझं घेऊन चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर कशीबशी तग धरणारी वायर तिथे हार मानते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे गाडी गॅसवर झटके देते आणि पेट्रोलवर टाकली की सुधारते असं दिसलं, तर गॅस किटला दोष देण्याआधी प्लग, बूट आणि कॉइल बघावेत. झिजून फट रुंदावलेला प्लगही हाच खेळ करतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावं आणि कुंडीतल्या झाडांवर मारतो त्या फवारणीच्या बाटलीने एकेका वायरवर, कॉइलवर, प्लगच्या बूटवर पाण्याचा बारीक तुषार सोडावा. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याच्या कॅपवरही. जिथे गळती आहे तिथे निळी ठिणगी नाचताना दिसते, टकटक ऐकू येते आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. एका वेळी एकच भाग भिजवावा, म्हणजे नेमका कोणता ते कळतं. हात लांब ठेवावा, ओढणी किंवा मफलर इंजिनच्या फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये आणि पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर ही तपासणी अजिबात करू नये.

संशयित प्लग काढल्यावर त्याची पांढरी चिनी माती उजेडात फिरवून बघा. तिच्यावर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर वीज तिथूनच वाहत होती. अशीच रेघ बूटच्या आतल्या अंगाला सापडते. त्या वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलावेत. एकच बदलला तर जुन्याची रेघ नव्यावर पुन्हा उमटते. प्लगच्या खळग्यात पाणी किंवा गंज आढळला, तर ते पाणी बॉनेटच्या कडेने आलं की प्रेशरने इंजिन धुताना शिरलं, हेही विचारावं. पाणी हटवणारा स्प्रे मारला की गाडी घरापर्यंत येते, पण ती दुरुस्ती नव्हे.

डिझेल गाडीत पहिला संशय टाकीतल्या पाण्यावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मासळीच्या गाड्या बऱ्याचदा अर्ध्या टाकीनिशी उभ्या असतात. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं, झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर पाऊस थेट आत जातो. ऑगस्टमध्ये बंदी उठते, गाडी पुन्हा लोडला लागते आणि आंबा घाटात पांढरा धूर सोडत झटके देते. डिझेल फिल्टरच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. तिथलं पेलाभर डिझेल पारदर्शक बाटलीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. पाणी काढून टाकल्यानंतर सिस्टिममधली एअर नीट काढली नाही, तर गाडी पुन्हा तशीच अडखळते आणि लोक निष्कारण नोझल खोलतात. पेट्रोलवाल्यांनीही टाकीचं झाकण बघावं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट तळाला बसतं.

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात मेस्त्री मंद गतीवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतो. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्याने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग चुकूनही करू नका. तिथे हजार-दीड हजार बारचा दाब असतो. ती धार कातडीतून आत शिरते आणि तशी जखम वरून बारीक दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा गाडीला स्कॅनरच लावावा.

धुराचा रंगही बोलतो. पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल किंवा पाणी. काळा धूर आणि सुस्त ओढ म्हणजे हवा कमी पडते आहे. भिजून फुगलेला कागदी एअर फिल्टर, नाहीतर टर्बोच्या गाडीत इंटरकूलरचा चिरलेला होज. होज चिरलेला असेल तर रेस देताना फुसफुस ऐकू येते.

पेट्रोल असो वा डिझेल, मासळीच्या गाडीत आणखी एक जागा हमखास बघावी. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चेसिसवर ठिबकत राहतं आणि तिथूनच वायरिंग गेलेलं असतं. सेन्सरचा कपलर उघडल्यावर पितळी पिनांवर हिरवट थर दिसला, तर स्कॅनरने दाखवलेला सेन्सर विकत आणण्याआधी पिना साफ करून बघाव्यात. सेन्सर महाग असतो आणि पुष्कळदा निर्दोष निघतो. इंजिनची अर्थिंग मीटरने तपासता येते. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच फेरीत सापडतात.

सुस्त गाडीचा दोष कधीकधी इंजिनात नसतोच. रेसचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाजही दबलेला आणि वेगही नाही, तर सपाटीवर गाडी न्यूट्रलला टाकून बघा. ती लगेच थांबत असेल तर ब्रेक धरलेला आहे. पावसात उभ्या गाडीची हँडब्रेकची केबल गंजून अडकते आणि थोडं अंतर गेल्यावर एकच चाक चटका बसेल इतकं तापतं.

पेट्रोल-सीएनजीच्या गाडीतलं मिसिंग ‘पाऊस गेला की जाईल’ म्हणून सोडून देणं सगळ्यांत महागात पडतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली जाळी तापून वितळते आणि धुराची वाट बंद होते. मग ऑक्टोबरच्या कडक उन्हातही गाडी चढत नाही आणि पाचपन्नास रुपयांच्या रबरी बूटचं काम हजारोंवर जातं.

म्हणून मेस्त्रीकडे जाताना थोडी माहिती सोबत न्यावी. त्रास सकाळी पहिल्या स्टार्टला होतो आणि दहा मिनिटांत जातो का? पेट्रोल-सीएनजीच्या गाडीत तसं असेल तर ओलावा वर, ठिणगीच्या भागात आहे. पाण्याच्या डबक्यातून गेल्यावरच होतो का? मग खालचे कपलर आणि इंजिनचा पट्टा बघावा. इंजिन गरम झालं तरी जात नाही, तर इंधनाकडे वळावं. शक्य असेल तर गाडी रात्रभर गॅरेजच्या अंगणात उघड्यावर ठेवावी आणि पहाटेचा पहिला स्टार्ट मेस्त्रीलाच मारू द्यावा. काम झाल्यावर पैसे देण्याआधी दुरुस्त केलेल्या भागावर पुन्हा पाणी मारावं आणि ओल्या इंजिनानिशी, मागे थोडं वजन टाकून, चढावर एक फेरी मेस्त्रीला शेजारी बसवून करावी.