सोडून दिलेला ट्रक आणायला जाताय? स्टिअरिंग धरण्याआधी एवढं तपासा

आपल्या मोहल्ल्यांत ट्रकवर असणारी माणसं कमी नाहीत. कुणाचे अब्बा, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई. यांच्यापैकी कुणाला तरी कधी शेठचा फोन येतो, “गाडी हायवेवर उभी आहे, ड्रायव्हर सोडून गेलाय. तू जा आणि घेऊन ये.” काम सोपं वाटतं. एसटीने जायचं, चावी घ्यायची, गाडी आणायची. पण ट्रक उभा राहिला त्याला काहीतरी कारण असतं. ते माहीत नसताना जो स्टिअरिंगवर बसतो, त्याच्याच गळ्यात ते पडू शकतं.

ड्रायव्हर गाडी का सोडतो?

महिनोन्महिने पगार थकतो, वाटखर्च संपतो आणि फोन उचलला जात नाही. घरी मयत होते, तब्येत बिघडते. कधी गाडी बंद पडते आणि मेकॅनिकचे पैसे कोण देणार यावर वाद होतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ढाबे बंद, गोदामं बंद, माल उतरवून घ्यायला कुणी नाही. देशभर कितीतरी ड्रायव्हर गाड्या रस्त्यावर ठेवून घरी गेले. पुढे परवानगी मिळाली, पण मालकांना गाड्या आणायला माणसं मिळेनात.

आणखी एक कारण म्हणजे अपघात. जमाव मारेल या भीतीने ड्रायव्हर पळतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला दवाखान्यात न्यावं आणि पोलिसांना कळवावं. जमावाच्या भीतीने थांबणं शक्य नसेल तर कायदा ते समजून घेतो, पण जवळच्या ठाण्यात २४ तासांच्या आत माहिती द्यावीच लागते. पळून न कळवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. कलम १३४ मात्र आहेच.

म्हणून शेठला पहिला प्रश्न हाच विचारा, “तो का गेला?” जमलं तर त्या ड्रायव्हरलाच फोन करा. दोघांच्या सांगण्यात फरक आला तर थांबा.

गाडी पोलिसांकडे तर नाही ना?

दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस उभी असलेली गाडी पोलिस उचलून नेऊ शकतात (कलम १२७). रहदारीला धोका असेल तर लगेच. हा टोइंगचा खर्च मालकाचा, तुमचा नाही.

अपघातात किंवा गुन्ह्यात जप्त झालेली गाडी कोर्टाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर सुटते. तो मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने करायचा असतो. जप्त गाड्या ठाण्यात सडवू नयेत, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय, त्यामुळे हा रस्ता उघडा आहे. आदेश हातात नसताना “मी बोललोय साहेबांशी” एवढ्या शब्दावर चावी घेऊ नका.

कागद आणि माल

आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवता येतात. निघण्याआधी फोनवर मागवून घ्या आणि तारखा बघा. विमा संपलेला असेल तर चालवणाराही सापडतो.

ई-वे बिल विसरू नका. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत असते. गाडी चार दिवस उभी राहिली तर बिल मेलेलं असतं. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. ती वेळ गेली असेल तर आधी माल पाठवणाऱ्याकडून मार्ग काढायला सांगा, नाहीतर गाडी मालासकट अडकते.

बिल्टीवर लिहिलेला माल आणि आतला माल एकच आहे का? ताडपत्री, सील बघा. शंका आली तर हात लावू नका. बंदी असलेला गुटखा निघाला तर पोलिस पहिल्यांदा धरणार तो ड्रायव्हरला. काट्यावर वजन करून घ्या. जादा वजनाला २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. माल कमी भरला तरी ते तुमच्या आधीच घडलंय हे काट्याच्या पावतीने दिसतं. गॅस, केमिकलचा टँकर असेल तर धोकादायक मालाचं प्रशिक्षण झालेल्यानेच चालवावा.

गाडीला हात लावण्याआधी

चारही बाजूंनी, केबिनमध्ये, मीटरचे आणि डिझेलच्या काट्याचे फोटो काढा आणि शेठला तिथूनच पाठवा. बॅटरी, स्टेपनी, डिझेल उभ्या गाडीतून जातं, नंतर हिशेब तुमच्याकडे मागतात. टायर, कुलंट, ऑइल बघा. हवेचं प्रेशर पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलवू नका. बीएस-६ गाडीत युरियाची टाकी रिकामी असेल तर इंजिन ताकद सोडतं. बिघाड असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत नकार द्या. नॅशनल हायवेवर मदतीला १०३३, पोलिसांना ११२.

पैसे आणि झोप

जाण्याचं भाडं, जेवण, टोल, डिझेल आणि मजुरी निघण्याआधी ठरवा. व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून घ्या, “अमुक नंबरची गाडी अमुक ठिकाणाहून आणायला पाठवतोय.” रस्त्यात काही झालं तर तुम्ही कामावर होता, हे त्याच ओळीने सिद्ध होतं, आणि भरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी लगेच लोड गाडी ओढू नका. घरच्यांनीही “लवकर ये” ऐवजी “झोपून नीघ” म्हणावं.

केबिनमधलं सामान

पहिल्या ड्रायव्हरचे कपडे, लायसन्स, स्टोव्ह, मुलांचे फोटो तिथेच राहिलेले असतात. ती अमानत आहे. यादी करा, फोटो काढा, त्याला कळवा आणि पोहोचवा. त्याचा पगार थकला असेल तर शेठला तेही सांगा. थकलेल्या पगाराचा हिशेब मिटला नाही तर उद्या त्याच्या जागी तुम्ही असाल, आणि तुमची गाडी आणायला तिसऱ्याला फोन जाईल.

नाही म्हटलं तर काम जाईल ही भीती खरी आहे. पण वर लिहिलेल्या गोष्टी मागणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. कागद आणि हिशेब सरळ असलेला शेठ त्या अर्ध्या तासात पाठवतो. जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी तिथेच उभी राहिलेली बरी.