दंश आणि दवाखाना यांच्यामधले अंतर

पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा बरेचदा त्याला जागही येत नाही. मण्यारीचे दात बारीक असतात, दंश जवळजवळ दुखतच नाही. सूज नाही, रक्त नाही, डाग शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. ओवा दिला जातो, पोट शेकले जाते. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणे जड येते, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायूच थांबतात. या अवस्थेतही माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो. भोवतालची रडारड त्याला ऐकू येते, पण बोट हलवता येत नाही. अशा माणसाला वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला, तर काही दिवसांनी तो स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो.

सर्पदंशाविषयी लिहायचे तर इथून सुरुवात करायला हवी. अलीकडे या विषयावर जगातल्या नामवंत प्रयोगशाळांतून विलक्षण बातम्या आल्या आहेत, पण त्यांचे मोल त्या पहाटेच्या घरात ठरायचे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक जीवघेण्या दंशांमागे चार साप आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नागाचे आणि मण्यारीचे विष मज्जासंस्थेवर काम करते, पण दोघांची रीत वेगळी. मेंदूकडून आलेला निरोप मज्जातंतू रासायनिक रूपात स्नायूकडे सोपवतो. नागाचे विष स्नायूच्या बाजूला बसून तो निरोप अडवते. हा अडथळा दूर करता येतो. प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले की पुष्कळ रुग्ण लवकर डोळे उघडतात. मण्यारीचे विष मात्र निरोप पाठवणारे तंतूचे टोकच निकामी करते. एकदा ते झाले की कितीही प्रतिविष दिले तरी तेवढी हानी भरून येत नाही. टोक पुन्हा सावरेपर्यंत श्वास चालू ठेवणे, एवढेच हाती उरते. त्यामुळे मण्यारीच्या दंशात पहिल्या तासांना जी किंमत आहे, ती नंतरच्या कितीही महागड्या उपचारांना नाही.

घोणस वेगळ्या वाटेने मारते. तिच्या विषामुळे रक्तात जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात आणि त्यात गोठवणारे घटक संपून जातात. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त वाहू लागते. मूत्रपिंडे बंद पडून डायलिसिसची पाळी येते. भातकापणीत, म्हणजे अगदी दिवाळीच्या आगेमागे, विळा चालवणाऱ्या उघड्या हाताला आणि अनवाणी पायाला ही घोणस भेटते. फुरसे आकाराने लहान, पण कोकणच्या जांभ्या सड्यांवर इतके माजलेले की ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. या दोन्ही सापांच्या दंशात रक्ताची परीक्षा मात्र फार सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष सुरू करायचे. याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. ज्या केंद्रात नळी आहे आणि घड्याळ आहे, तिथे ही परीक्षा झालीच पाहिजे.

सर्पदंशाचा प्रश्न किती मोठा आहे हे आपल्याला फार उशिरा कळले, आणि त्यालाही कारण आहे. रुग्णालयात पोहोचण्याआधीच जे गेले, त्यांची नोंद रुग्णालय कुठून ठेवणार? ‘मिलियन डेथ स्टडी’ या प्रचंड पाहणीने उलटी वाट धरली. पाहणी करणारे लोक मृत्यू झालेल्या घरांत गेले, नातेवाइकांकडून शेवटच्या दिवसांची हकीकत लिहून घेतली आणि ती वाचून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत अग्रक्रम दिला तो २०१७ साली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना कळवले की सर्पदंश हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार ठरवावा. मला ही नोंदीची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. किती दंश कुठे होतात हेच माहीत नसेल, तर कोणत्या तालुक्याला प्रतिविषाच्या किती कुप्या पाठवायच्या हे ठरणार कसे?

प्रतिविष बनवण्याची पद्धत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर व्हिएतनाममधल्या सायगॉनला असताना नागदंशाने माणसे मरताना पाहून या कामाकडे वळला, आणि १८९०च्या दशकात त्याने प्रतिविष तयार केले. पुढे क्षयाच्या बीसीजी लशीत ज्याचे नाव आले तोच हा काल्मेत. घोड्याला विषाचे अगदी थोडे, मग वाढते डोस टोचायचे. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे प्रतिद्रव्य तयार होते. ते रक्तातून वेगळे काढून शुद्ध करायचे. आजही मूळ पद्धत हीच आहे. आपल्याकडच्या कुपीत चारही सापांविरुद्धची प्रतिद्रव्ये एकत्र असतात, म्हणून साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाहीत. सापाला मारून दवाखान्यात आणण्याच्या खटाटोपात दुसऱ्याला दंश होतो आणि वेळ जातो तो वेगळाच.

या कुप्यांसाठी लागणारे विष अनेक वर्षे मुख्यतः एकाच ठिकाणाहून येत आले आहे. चेन्नईजवळची इरुला जमातीची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. साप पकडून त्यांच्या कातड्यावर पोट भरणाऱ्या इरुलांसमोर कातड्यांच्या व्यापारावरील बंदीनंतर जगण्याचा प्रश्न उभा राहिला होता. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांनी साप पकडून विष काढायचे आणि सापाला पुन्हा रानात सोडायचे, हा नवा व्यवसाय उभा केला. त्यांच्यातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. देशातल्या किती शेतकऱ्यांचे प्राण या जमातीच्या हातांनी वाचले असतील!

पण एकाच भागातल्या विषावर सारा देश विसंबला की अडचण येते. सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. तमिळनाडूची घोणस आणि राजस्थान किंवा पंजाबातली घोणस दिसायला सारखी असली तरी विषातल्या प्रथिनांचे प्रमाण वेगळे असते. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी हेच तपासत आले आहेत. काही भागांतल्या विषांवर बाजारातले प्रतिविष अपुरे पडते, असे त्यांच्या कामातून दिसले. प्रादेशिक विषसंग्रह उभे करावेत, ही मागणी त्यातूनच पुढे आली. महाराष्ट्रात परळच्या हाफकिन संस्थेची प्रतिविषाची परंपरा आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या सापांचा विचार इथे व्हायला हवा.

दुसरी अडचण घोड्याच्या प्रथिनांची. काही रुग्णांना त्यांची तीव्र ॲलर्जी येते, रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. ॲड्रिनॅलिन भरून जवळ ठेवले तर ही वेळ निभावता येते. तरीही एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरला हीच भीती वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुप्या असतात, पण टोचायला हात धजत नाही आणि रुग्ण ‘पुढे पाठवला’ जातो. पुढे म्हणजे तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. त्या प्रवासात मण्यारीचे विष आपले काम पूर्ण करते. माझ्या मते आपल्या सर्पदंशाच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. पहिल्या दहा कुप्या पहिल्याच केंद्रात देऊन, श्वास मंदावला तर हाताने दाबायच्या अंबू बॅगने तो देत देत रुग्णाला पुढे नेणे शक्य असते. त्यासाठी प्रशिक्षण लागते, आणि काही बिघडले तर पाठीशी उभे राहणारे वरिष्ठ लागतात.

प्रयोगशाळांतल्या बातम्या मी या अंगाने वाचतो. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या गटाने, सुसाना वास्केझ टोरेस यांच्या पुढाकाराने, एक थक्क करणारे काम प्रसिद्ध केले. नागकुळातल्या सापांच्या विषात एका विशिष्ट बांधणीची घातक प्रथिने असतात. त्यांना नेमकी चिकटून बसतील अशी, निसर्गात नसलेली छोटी प्रथिने त्यांनी संगणकावर आखली. ती दिलेले बहुतेक उंदीर विषाच्या मारक मात्रेतून वाचले. बेकर यांना आदल्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते, तेही प्रथिने आखण्याच्या या विद्येसाठीच. ही प्रथिने जिवाणूंकडून बनवून घेता येतात, घोडा लागत नाही, आणि ती उष्णतेत टिकतात. फ्रिज बंद पडलेल्या उपकेंद्रासाठी ही शेवटची गोष्ट फार मोलाची.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील टिम फ्रीड या माणसाच्या रक्तावरचे काम पुढे आले. या माणसाने सुमारे अठरा वर्षे स्वतःला वाढत्या मात्रेत विष टोचून घेतले आणि शेकडो वेळा सापांकडून चावून घेतले. असे कुणीही करू नये, हे संशोधकांनीही बजावून सांगितले आहे. त्याच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिद्रव्ये आणि व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध मिळून केलेल्या मिश्रणाने नागकुळातल्या १९ जातींच्या विषांपासून उंदरांना पूर्ण किंवा अंशतः वाचवले. घोणस आणि फुरसे यात येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती या व्हॅरेस्प्लॅडिबची, कारण ते तोंडाने घेता येते. हृदयविकारासाठी तपासून बाजूला पडलेले हे औषध अनेक सापांच्या विषातल्या एका मोठ्या घटकाला अडवते. भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर त्याच्या गोळीची चाचणी झाली. मुख्य कसोटीवर ती उतरली नाही. दंशानंतर लवकर औषध मिळालेल्यांत मात्र फायद्याची चिन्हे दिसली. पुढच्या चाचण्यांतून हे पक्के झाले, तर आशाताईच्या पेटीतली एक गोळी दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ मिळवून देईल. सध्या मात्र प्रतिविषाला पर्याय नाही.

मोठे वैद्यकीय संशोधन मोठ्या शहरातच होते, असे वाटणाऱ्यांनी महाडकडे पाहावे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केले तेव्हा इंगळी, म्हणजे लाल विंचू, चावलेले रुग्ण फुप्फुसांत पाणी भरून त्यांच्यासमोर दगावत. त्यात लहान मुले फार. बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, लक्षणे टिपत राहिले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भयंकर ताण येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस जात, ते प्रमाण एखाददुसऱ्यावर आले. पुढे विंचवाचे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देण्याची त्यांची चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावच्या डॉक्टरला आपल्या रुग्णांकडे बारकाईने बघायची सवय आणि सवड असेल तर काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

सापाचा दंश टाळण्याच्या उपायांतला सर्वांत स्वस्त उपाय प्रत्येक बाजारात मिळतो: मच्छरदाणी. नेपाळच्या तराईतील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश लक्षणीय कमी आढळला. अंथरुणाखाली तिच्या कडा नीट खोचल्या की रात्री उंदरामागे आलेली मण्यार आत शिरत नाही. तरीही दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवावा, अंगठी-पैंजण-कडे सूज येण्याआधी काढावे, माणसाला चालवू नये आणि १०८ला फोन करावा. सापाच्या मागे कुणी धावू नये.

आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर? याच तराईत दामक भागात मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. दंश झालेल्याला मधे बसवायचे, मागे एकाने धरायचे आणि थेट प्रतिविष असलेल्या केंद्राकडे सुटायचे. हा उपक्रम राबवलेल्या गावांत दंश झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. आपल्या खेड्यांत मोटारसायकली घरोघरी आहेत, आणि सर्पमित्रांची फोनसाखळी बहुतेक तालुक्यांत तयारच आहे. त्या साखळीतल्या प्रत्येक फोनवर दोन पत्ते हवेत: प्रतिविष रात्रीही मिळते ते जवळचे केंद्र, आणि चालू व्हेंटिलेटर असलेले जवळचे रुग्णालय. हे पत्ते दर पावसाळ्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून ताडून घेता येतील.